लिलावाची लाज कोणाला?

‘लिलाव’ हा शब्द काढला की आमच्या साताऱ्याकडच्या माणसाचा चेहरा पडतो. तो पडावा याला कारणही आहे. सावकाराचा दावा, कोर्टाची जप्ती, बेलिफाची दवंडी आणि अंगणात मांडलेली भांडीकुंडी, अशा क्रमाने हा शब्द आमच्या घरांत शिरला. १८७५ साली सुप्याला शेतकरी सावकारांच्या वह्यांवर तुटून पडले आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. पुणे, नगर आणि सोलापूर यांच्याबरोबर सातारा जिल्हाही त्या कायद्यात होता. शब्द मूळचा पोर्तुगीज. बटाटा आणि पाव ज्यांनी आणले त्यांनीच तोही आणला. बटाटा आम्ही उपवासाला चालवून घेतला. लिलाव मात्र अजून ओवळ्यातच आहे.

ही लाज मला समजते. समजत नाही ती दुसरीच. २०२० साली मुंबईच्या एका लिलावगृहाने केवळ जुन्या मोटारी बोली लावून विकायला काढल्या. तेव्हापासून आमच्याकडच्या सुशिक्षित बैठकांत एक सुस्कारा ऐकू येतो. “काय दिवस आले! राजेरजवाड्यांच्या मोटारी बाजारात मांडल्या!” सुस्कारा टाकणाऱ्यांत वकील असतात, पेन्शनीत निघालेले अधिकारी असतात, आणि माझ्यासारखे कादंबऱ्या लिहिणारे मास्तरही असतात. जुन्या वस्तूंवर गहिवरणे हा तर आम्हा लेखकांचा धंदाच आहे. पण या सुस्काऱ्याशी माझे भांडण आहे. जुनी मोटार चारचौघांना बोलावून, दिवसाउजेडी, बोली लावून विकण्यात कसलीही लाज नाही. लाज असलीच तर ती ताडपत्रीखाली विकण्यात आहे. आणि या दोन जिल्ह्यांतल्या ज्या जुन्या मोटारी गेलेल्या मला ठाऊक आहेत, त्या बहुतेक ताडपत्रीखालीच गेल्या.

साताऱ्याच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगतो. त्यांची लँडमास्टर होती. हिंदुस्थान मोटर्सने १९५४ पासून ही गाडी बनवायला घेतली. पुढची अँबॅसेडर ही तिचीच धाकटी बहीण. या गाडीतून डॉक्टर खेडोपाडी बाळंतपणाला जात. डॉक्टर गेले, गाडी पडवीत राहिली, तिच्या मागच्या बैठकीवर मांजरीने तीन वेळा संसार थाटला. काकूंना नातीच्या कॉलेजच्या फीसाठी पैसे हवे होते. मी म्हटले, “काकू, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, चार गिऱ्हाइके येऊ देत, बोली लावू देत.” त्यांनी कानांवर हात ठेवले. “मास्तर, लोक म्हणतील डॉक्टरांच्या घरावर लिलाव आला!”

मग एक दलाल आला. ३५,००० रुपये त्याने लग्नाच्या बस्त्याच्या पिशवीतून आणले आणि रात्री साडेदहाला ट्रक दाराशी लावला. शेजारी विचारतील त्यांना सांगायचे, “दुरुस्तीला पाठवलीय.” डॉक्टरांची एक वही होती. कोणत्या तारखेला तेल बदलले, कोणत्या घाटात पाणी तापले, कोणत्या मिस्त्र्याने काय बसवले, सारे त्यांच्या अक्षरात. दलालाने ती मागितली नाही. त्याला तिची अडचणच झाली असती, कारण पुढे तीच गाडी ‘एका संस्थानिकांची’ म्हणून पुण्यात सहा लाखांना गेली. काकू ठकल्या हे खरेच. पण डॉक्टरही पुसले गेले. ज्या माणसाने ती गाडी चिखलातून रात्री-अपरात्री चालवली त्याचे नाव गेले, आणि ज्याने तिला कधी हात लावला नाही अशा कुणा कल्पित राजाचे चिकटले. “वारशाचा बाजार नको” म्हणणाऱ्यांनी असा वारसा राखला आहे!

आता साताऱ्याहून खाली सांगलीला या. मी तिथेच शिकवतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा कधी पाहिला आहे का? ढिगासमोर खरेदीदार उभे, शेतकरी शेजारी, अडत्याचा माणूस भाव पुकारतो, भाव तुटतो, वजन होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. या अडतपेढ्या कित्येक घरांत आजोबा, बाप, नातू अशा चालत आलेल्या आहेत. वर्षाचे पीक असे उघड्यावर विकताना शेतकऱ्याची इभ्रत जात नाही. उलट त्याची तक्रार असते ती उघडेपणा कमी पडल्याची. बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी मूठ-मूठ बेदाणा उधळतात म्हणून द्राक्षवाला भांडतो. त्याला भांडता येते, कारण उधळण त्याच्या डोळ्यांदेखत होते. जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटे दाबून भाव ठरवायची रीत होती. तिथे काय ठरले ते दोघांनाच ठाऊक, आणि बैलाचा मालक बहुधा त्या दोघांत नसे.

म्हणजे उघडी बोली आणि झाकलेला सौदा यांतला फरक आमच्या शेतकऱ्याला कळतो. कळत नाही तो फक्त पडवीत जुनी मोटार असलेल्या आम्हा पांढरपेशांना.

माझी सूचना साधी आहे. सांगलीतल्या एखाद्या जुन्या अडत घराण्याने जुन्या मोटारींची पेढी काढावी. मोठ्या कंपनीपेक्षा मला घरची पेढी बरी वाटते. पाटीवर आडनाव असते. लबाडी केली तर मुलीच्या लग्नाला माणसे येत नाहीत. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातल्या स्कॉट्सडेल गावी टॉम बॅरेट आणि रस जॅक्सन या दोन मोटारवेड्यांनी १९७१ साली ‘बॅरेट-जॅक्सन’ नावाची अशीच पेढी काढली. पुढे ती जॅक्सनच्या मुलाने चालवली. २०२२ साली मोठा वाटा एका बड्या कंपनीने घेईपर्यंत कारभार घरातच होता. तिथे बऱ्याच गाड्यांना किमान भावाची अट नसते: जी शेवटची बोली ती किंमत. असे धाडस पहिल्याच वर्षी करा असे मी म्हणत नाही. विधवा बाईची एकुलती गाडी असेल तर किमान भाव ठरवलाच पाहिजे, आणि तो तिने ठरवावा, पेढीने नव्हे.

घरच्या पेढीची कीडही घरचीच असते, हेही सांगून टाकतो. मेहुणा गर्दीत उभा राहून खोटी बोली चढवतो. चुलतभाऊ आदल्या रात्री चांगली गाडी स्वतःसाठी बाजूला काढतो. म्हणून पेढीच्या माणसाने बोली लावायची नाही, हा पहिला नियम. आणि यादीत चासी नंबर, इंजिन नंबर, मूळचे काय, बदललेले काय, गाडी कोणाकोणाच्या हातून गेली, हे सारे छापायचे. ज्याचा पुरावा नाही तो राजा छापायचा नाही.

“पण मग मोटारी परदेशी जातील!” हा आक्षेप मोठ्या देशभक्तीने घेतला जातो. जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर १९७२ पासून बंदी आहे. त्याआधी गेल्या त्या गेल्या, आणि त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, देशभरच्या संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले, आणि या मधल्या काळात मोटारी मिळेल त्या भावाने निघाल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ साली घडवलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉईस अशीच विलायतेला गेली. पुढे त्याच घराण्याने ती परत मिळवली. गाडी कोणती आणि कोणाकडे आहे हे जगाला माहीत होते म्हणून ती परत आणता आली. आमच्या डॉक्टरांची लँडमास्टर त्यांच्या नातीला उद्या परत घ्यावीशी वाटली तर ती कोणाला विचारणार?

दुसरे गृहस्थ म्हणतात, मोटारीला पूज्यभाव हवा, भाव नको. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याला अजून बाहेर निघते, लोक कौतुकाने पाहतात. जे घराणे गाडी अशी चालती ठेवू शकते त्याने ती विकू नये. कोण विका म्हणतो? मी बोलतो आहे ते दसऱ्याला झेंडूची माळ घालून उरलेले वर्ष कोंबड्या बसवणाऱ्यांबद्दल. आणि विकण्याने मान जातो म्हणावे, तर जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने १९५५ सालची स्वतःच घडवलेली एक शर्यतीची मोटार २०२२ साली लिलावात काढली. १३ कोटी ५० लाख युरो आले, आणि ते मुलांच्या शिष्यवृत्तीच्या निधीसाठी ठेवले गेले. नातीच्या फीसाठी गाडी विकणारी आमची काकू त्याच रांगेतली. मग तिनेच तेवढी रात्री साडेदहाची वेळ का गाठावी?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. वीस वर्षांची मुदत संपली. केवढे अश्रू वाहिले! पद्मिनी म्हणजे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची लेक. त्याच वालचंदांचे नाव आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजाला आहे. लेख आले, छायाचित्रे आली. पण आपल्या दारची पद्मिनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला किलोवर घातलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत, आणि लेख लिहिणाऱ्यांत तेही होते!

मोल येते ते उघड्यावर आल्याने. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातून चिमुकली मोटार बनवली. पायाने किक मारून सुरू होणारी. लोकांनी पाहिली, चित्रे देशभर फिरली, आणि २०२२ च्या जानेवारीत महिंद्र कंपनीने तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. आणि सांगलीहून जवळच, इचलकरंजीला, शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवली, वर्षानुवर्षे सुधारली, सामान्य माणसाला परवडेल अशी केली. ती कारखान्यातून कधी बाहेर पडलीच नाही. आज किती जणांना तिचे नाव सांगता येईल? माझ्या वर्गात मी विचारले. एकही हात वर आला नाही.

सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्ही. ए.’ अशी निराळी अक्षरे, रोजच्या वापराला मनाई. खरेदी-विक्रीला मात्र मुभा. म्हणजे कायद्यालाही या विक्रीची लाज वाटत नाही. आर. टी. ओ.च्या खेपा काकूंनी कशा घालाव्या? त्या पेढीने घालाव्यात, आणि त्याबद्दल हळदीवर घेतात तशी अडत घ्यावी, पट्टीवर लिहून.

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या सांगलीच्या पेढीवाल्यांनो, एक कोरी वही या धंद्यासाठी ठेवा. पहिली यादी मी मराठीत लिहून देईन, मोबदला नको. डॉक्टरांची ती तेलाची वही काकूंनी माझ्याकडे दिली आहे. कशी नोंद करावी याचा नमुना म्हणून ती पेढीवर आणीन. आणि यादीत मालकाच्या नावाखाली मिस्त्र्याचे नाव छापले जाणार असेल, तरच मी लिहीन.