तिजोरीतलं बायबल आणि किनाऱ्यावरचं

'द दा विंची कोड' वाचलेला माणूस लगेच ओळखू येतो. ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की तो जरा पुढे झुकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "अहो, चर्चनं दाबलं हो सगळं!" काय काय दाबलं याची यादी त्याला तोंडपाठ असते. येशूचं मग्दालीया मरीयेशी लग्न झालं होतं. शुभवर्तमानं ऐंशीच्या वर होती; कॉन्स्टंटाइन बादशहानं चार ठेवून बाकीची नाहीशी केली. येशूचं देवपण निकियाच्या सभेत मतं मोजून ठरलं. २००३ साली आलेल्या डॅन ब्राऊनच्या या कादंबरीनं आणि पुढे तिच्या मराठी अनुवादानं ही यादी आपल्याकडच्या वाचनालयांपर्यंत पोहोचवली.

समोरचा पक्ष २००६ साली रस्त्यावर दिसला. कादंबरीवरचा चित्रपट यायचा होता. मुंबईत उपोषणं झाली. एका माजी नगरसेवकानं लेखकाला जिवंत किंवा मृत आणून देणाऱ्याला ११ लाखांचं इनाम जाहीर केलं. केंद्रीय मंत्र्यांनी चर्चच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन चित्रपट पाहिला. शेवटी 'ही काल्पनिक कथा आहे' अशी सूचना आणि प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, एवढ्यावर तो सुटला. तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातलीच. बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे फेटाळली गेली.

या दोघांचं भांडण मला वरवरचं वाटतं. आतून दोघांचा समज एकच आहे: श्रद्धेचा डोलारा कुठल्याशा तिजोरीतल्या कागदावर उभा आहे आणि तो कागद बाहेर आला की सगळं कोसळणार. एकाला ते कोसळायला हवं आहे, दुसऱ्याला त्याची धास्ती आहे. हा समजच चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पडलेला आहे. तिकडे जाण्यापूर्वी कुजबुजणाऱ्या गृहस्थांचा हिशेब चुकता करू.

निकियाची सभा इ. स. ३२५ ची. तिथले २० नियम आजही वाचायला मिळतात. बायबलात कोणती पुस्तकं असावीत याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. वाद होता तो आरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा. त्याच्या मते पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नव्हे. येशू साधा माणूस होता, असं तोही म्हणत नव्हता. मतदान चुरशीचं झालं म्हणावं, तर जमलेल्या सुमारे ३०० बिशपांपैकी अखेरपर्यंत सही नाकारली ती दोघांनी. आणि चार शुभवर्तमानं? इरेनेयस नावाचा बिशप 'चारच, कमी नाहीत नि जास्त नाहीत' असा हट्ट इ. स. १८० च्या सुमाराला धरून बसला होता. कॉन्स्टंटाइन जन्माला यायला तेव्हा अजून नव्वदेक वर्षं होती. पुढे बादशहानं शास्त्राच्या पन्नास प्रती करवून घेतल्या, इतका धागा खरा आहे. कादंबरीकारानं त्या धाग्याचं लुगडं विणलं. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसनं आपल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात. एवढी वर्षं का लागली? कारण निवड वरून झालीच नव्हती. कुठल्या गावच्या मंडळीत कोणतं पुस्तक मोठ्यानं वाचलं जातं, कोणतं बाजूला पडलं, यातून ती हळूहळू झाली.

मग 'दाबलेली' शुभवर्तमानं? ती १९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात सापडली आणि आज कुणालाही भाषांतरातून वाचता येतात. गंमत अशी की, कुजबुजणारे गृहस्थ ती वाचत नाहीत. वाचली तर पंचाईत होईल. कादंबरीचा दावा असा की, या ग्रंथांत स्त्रीचा मान होता आणि पुरुषी चर्चनं तो पुसला. पण थोमाच्या नावावरच्या शुभवर्तमानातलं शेवटचं, ११४ वं वचन काढून पाहा. पेत्र म्हणतो, मरीयेला आपल्यातून घालवा, बायका जीवनाला पात्र नाहीत. आणि येशू तिची बाजू घेतो ती तिला पुरुष करण्याचं आश्वासन देऊन! चौघांच्या 'अधिकृत' शुभवर्तमानांत मात्र रिकामी कबर पाहणाऱ्यांत हीच मरीया आहे. येशू तिचं चुंबन घेई असं जे फिलिप्पाच्या शुभवर्तमानातलं प्रसिद्ध वाक्य, त्यात ऐन मोक्याच्या जागी पपायरसला भोक आहे. कुठे, हे त्या भोकात गेलं. ते बुजवण्याचं काम आधुनिक कल्पनेनं केलं. आणि हे रहस्य शतकानुशतकं जपणारा तो 'सायनचा मठ'? पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं तो १९५६ साली रीतसर नोंदवला आणि पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याची बनावट कागदपत्रं आणून ठेवली. म्हणजे अख्ख्या कथेत कट म्हणावा असा एकच सापडतो, तो हा.

इतकं खंडन करून हात झटकणारे चर्चचे वकील पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. कादंबरीची उत्तरं भाकड असली तरी तिच्यामुळे पडलेले प्रश्न भाकड नाहीत. मग्दालीया मरीयेवर अन्याय झाला होताच. ५९१ साली पोप ग्रेगरीनं एका प्रवचनात तिची आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी बाईची सरमिसळ केली आणि पुढची चौदाशे वर्षं चित्रांतून, कीर्तनांतून एक साक्षीदार बाई पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून मिरवली. १९६९ च्या पंचांगसुधारणेत चर्चनं ही सरमिसळ सोडून दिली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या बरोबरीचा दर्जा दिला. उशिरा झालं, पण उघड्यावर झालं. हे घडायला कुणी तिजोरी फोडली नाही. लोकांनी ग्रंथ नीट वाचला.

खरा थरार पाहायचा तर तळटिपांत पाहावा. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं मानतात. चौथ्या शतकातल्या त्याच्या दोन उत्तम हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी थांबतं. बायका कबरीपाशी येतात, ती रिकामी दिसते, त्या भिऊन पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुनरुत्थित येशू कुणाला भेटल्याची हकीगत त्या प्रतींत नाही. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या. 'ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा' ही योहानातली सर्वांची लाडकी गोष्टही जुन्या प्रतींत नाही. या दोन गोष्टींपुढे येशूचं लग्न ही फारच बाळबोध शंका. आणि हे 'रहस्य' आजच्या अभ्यासकी आवृत्त्यांत कंसात किंवा तळटिपेत छापलेलं असतं. ते वाचायला कोणतंही संकेतचिन्ह उकलावं लागत नाही. पान उलटण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कुणी भर घालू नये अशी ताकीदही दिली. त्याला कट म्हणण्याचं धाडस कुणाला होईल का? श्रद्धाळू माणूसही ग्रंथाची चिकित्सा करू शकतो, याचा तो आपल्या घरचा दाखला.

आता बंदीवाल्यांकडे वळू. पुस्तकानं श्रद्धा बुडते, असं त्यांना वाटतं. त्यांनी आमच्या किनाऱ्यावर यावं. रेवदंड्याला अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो चौलला उतरला. भारतात येतानाच वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती. त्यामुळे परमुलखात ईस्टर कधी, उपास कधी, काही कळेना. आजूबाजूच्या मुसलमानांचे सण पाहून तो अंदाज बांधू लागला, त्यांच्याबरोबर उपासही करू लागला. आपल्या वहीत याबद्दल तो कळवळून लिहितो. त्याच्या धर्मनिष्ठेचं नेमकं काय झालं यावर पंडितांत वाद आहे. पण त्याची प्रार्थना थांबली नाही, हे ती वही सांगते.

चौलपासून थोडं उत्तरेला नवगाव. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका तिथे किनाऱ्याला लागल्या अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं काय? 'शेमा' ही एक प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे निर्बंध आणि शनिवारची सुट्टी. घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागलं. पुढे दाविद रहाबी नावाचा गुरू आला. हे खरोखर यहुदी आहेत का हे पाहायला त्यानं बायकांपुढे मासळी ठेवली, तेव्हा पर आणि खवले नसलेली मासळी त्यांनी आपसूक बाजूला काढली, अशी आठवण सांगतात. शास्त्रातला नियम चुलीपाशी शाबूत राहिला होता!

तिसरा साक्षीदार कुंडलिका खाडीच्या पलीकडचा. १७४० साली पोर्तुगीज चौल मराठ्यांच्या हाती देऊन गेले. कोर्लईच्या किल्ल्याखाली राहिलेले ख्रिस्ती मागे उरले, राज्याचं छत्र नसलेले. त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली आजही बोलली जाते. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, म्हणजे ग्रंथ त्यांच्या कानावर पडे तो न कळणाऱ्या भाषेत. ज्यांनी राज्य, भाषा आणि पोथी यांतलं एकेक गमावूनही आपली प्रार्थना टिकवली, त्यांची श्रद्धा विमानतळावरच्या एका कादंबरीनं ढासळेल, ही भीती त्यांचा अपमान करणारी आहे.

यावर कुणी म्हणेल, मग ग्रंथ नसला तरी चालतो असंच तुम्ही म्हणताय. तसं मी म्हणत नाही. बेने इस्रायलांना मराठीतून शास्त्र मिळू लागलं तेव्हा ते त्यावर तुटून पडले. मिशनऱ्यांच्या शाळांत शिकले आणि बहुतेक सगळे यहुदीच राहिले. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्यांनी गुरुस्थानी असलेल्या साध्वीशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून पत्रांतून वाद मांडला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीला मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. ही पत्रं छापलेली आहेत, मराठी घरांत ती फारशी वाचली जात नाहीत एवढंच. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडलं. शंका आणि श्रद्धा एकाच टेबलावर किती वर्षं नांदू शकतात, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं ब्राऊन बाजूला ठेवावा.

उघड्यावर प्रश्न विचारायचं धैर्यही चौल-रेवदंड्याच्याच जिल्ह्यानं दाखवलं. विष्णुबुवा ब्रह्मचारी मूळचे शिरवलीचे. १८५७ च्या जानेवारीपासून मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी वाद घातला, समोर जॉर्ज बोवेनसारखा तयारीचा माणूस. बुवांचे काही आक्षेप आज कच्चे वाटतात, पाद्रींची काही उत्तरं त्याहून कच्ची. पण दोन्ही बाजू शेकडो लोकांसमोर बोलल्या आणि ते बोलणं छापलं गेलं. कुणी कुणाच्या डोक्यावर इनाम लावलं नाही.

चर्चनं कधीच काही दाबलं नाही, असं मात्र कुणी माझ्या तोंडी घालू नये. चौलसकट भारतातल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखावर १५६० पासून गोव्याच्या इन्क्विझिशनचा अंमल होता. १६८४ साली व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला, तीन वर्षांची मुदत देऊन. फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्यातली एकही छापील प्रत आज हाती नाही, ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. १६८४ चा तो हुकूम सही-शिक्क्याचा होता. सत्ता दाबते तेव्हा तिला गुप्त मंडळांची गरज पडत नाही, आणि रहस्यकथेला नेमकं हेच कळत नाही.

आता कुजबुजणाऱ्या गृहस्थांना शेवटचं विचारायचं ते असं. येशू हिमालयात येऊन गेला, ही गोष्टही तुम्ही तितक्याच आवडीनं सांगता. नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशानं लडाखच्या हेमिस मठात तसा ग्रंथ ऐकल्याचं १८९४ साली छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, त्यांनी मुख्य लामांना विचारलं, आणि असा ग्रंथ नाही, असा प्रवासीही आठवत नाही, हे उत्तर आणलं. तरी चाळीसच्या दशकात बाबाराव सावरकरांच्या मराठी पुस्तकात येशू तमिळ ब्राह्मण झाला, आणि २०१६ साली त्या पुस्तकाची नवी आवृत्तीही निघाली. दुसऱ्याच्या ग्रंथातलं गुपित ऐकताना आपण पुरावा मागत नाही.

आणि आपल्या घरच्या इतिहासाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर? पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून, प्रत्येक पाठभेद तळटिपेत नोंदवून, १९१९ ते १९६६ असं जवळजवळ अर्धशतक खपून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाला मदत केल्याचा राग म्हणून ५ जानेवारी २००४ रोजी त्याच संस्थेची मोडतोड झाली. 'द दा विंची कोड' तेव्हा वर्षभराचीही झाली नव्हती.