घड्याळ साडेपाच तास पुढे का?

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणारे आपल्या हॉस्टेलवर काही कमी नाहीत. त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. रात्री दहाला लिनक्स सुरू करावं, तर घड्याळ म्हणतं पहाटेचे साडेतीन! नेट लागलं की ते सुधारतं. मग विंडोजमध्ये जावं, तर तिथे दुपारचे साडेचार. ‘मदरबोर्डचा सेल गेला’ म्हणून काही जण नवा सेलही आणतात. जुना बिचारा ठणठणीत असतो.

खरी गोष्ट अशी, की मशीन बंद असताना वेळ सांभाळणारी चिप नुसते आकडे मोजते. ते आकडे कुठल्या टाइमझोनचे, हे तिला ठाऊक नसतं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये अशी चिप आली, तेव्हा डॉस तिच्यात स्थानिक वेळ ठेवायचा. विंडोजने तीच सवय पुढे चालवली. लिनक्स मात्र चिपमधली वेळ यूटीसी समजतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरकही नेमका तेवढाच.

‘त्यात काय एवढं? मोबाइलवर वेळ बघू,’ असं कुणी म्हणेल. पण घड्याळ पुढे असताना प्रोग्रॅम कंपाइल केला, मग वेळ दुरुस्त झाली आणि तुम्ही कोड बदललात, तर ‘मेक’ला जुनी ऑब्जेक्ट फाइलच नवी वाटते. ते म्हणतं, सगळं अप टू डेट आहे! सबमिशनच्या आदल्या रात्री हे निस्तरत बसा.

माझ्या मते ही जबाबदारी इन्स्टॉलरची आहे. ‘सिस्टिम क्लॉक यूटीसीमध्ये आहे का?’ हा प्रश्न फर्स्ट इयरच्या मुलाला विचारण्यात काय अर्थ? तो नुसता एंटर दाबणार. डेबियनचा इन्स्टॉलर मशीनवर आधी कोणती सिस्टिम आहे ते पाहून अंदाज बांधतो. हे बरोबर आहे. एकटं लिनक्स असेल तर न विचारता यूटीसी ठेवावं. शेजारी विंडोज असेल तर सरळ विचारावं, ‘आत्ता रात्रीचे दहा वाजलेत का?’ याचं उत्तर कुणीही देईल आणि बाकीचं इन्स्टॉलरला कळेल.

चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवण्यावर मोठा आक्षेप असतो तो उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांचा. तिथे दोन्ही सिस्टिम आपापला तास बदलतात आणि घोळ होतो. आपल्याकडे महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे होती. आज तशी पद्धत नाही. मग ‘एशिया/कोलकाता’ निवडणाऱ्याला यूटीसीचा आग्रह कशाला? रूमवर नव्याने आलेल्याने आधीच्या पार्टनरची सवय बघून घ्यावी, इतकंच.

तोवर ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही एक कमांड द्या, काम होईल. आणि ज्युनिअरला लिनक्स टाकून देणाऱ्यांनो, उठण्याआधी दोन्ही सिस्टिम एकेकदा सुरू करून घड्याळ बघा. पाच मिनिटांचं काम आहे.