दुसरी वही सोबतच्या माणसाला

केमोच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या बायकोच्या पिशवीत रिपोर्टांच्या फाइलबरोबर बहुतेक वेळा एक वही असते. ताप किती, उलट्या किती, प्लेटलेट्स कुठवर आल्या, पुढची तारीख कोणती. मागच्या पानावर कुणाकडून किती उसने घेतले ते. नवऱ्याच्या आजाराचा इतका बारीक हिशेब ठेवणारी ही बाई स्वतः रात्री झोपते का, हे मात्र त्या वहीत नसतं.

कोलकात्यात ही माणसं पावलोपावली दिसतात. हजरा भागात १९५० पासूनचं चित्तरंजन कर्करोग रुग्णालय, न्यू टाउनमध्ये २०११ साली सुरू झालेलं टाटा मेडिकल सेंटर. जिल्ह्याजिल्ह्यांतून, ईशान्येकडून, बांगलादेशातून कुटुंबं येतात आणि उपचार संपेपर्यंत परक्या खोलीत दिवस काढतात. पेशंटसमोर रडायचं नाही आणि घरी फोनवर खरं सांगायचं नाही, अशा कात्रीत सोबतचा माणूस सापडतो.

याच शहराच्या इतिहासात मला एक जुना दाखला दिसतो. सप्टेंबर १९४० मध्ये कालिम्पाँगला कवी रवींद्रनाथ टागोर गंभीर आजारी पडले. त्यांना कोलकात्यात जोडासाँकोच्या वाड्यात आणलं. हातात लेखणी धरवेना, तेव्हा ते सांगत आणि जवळची माणसं लिहून घेत. ‘रोगशय्याय’ आणि ‘आरोग्य’ हे संग्रह त्याच काळातले. ३० जुलै १९४१ रोजी शस्त्रक्रियेला नेण्याआधीही त्यांनी एक कविता सांगितली. ७ ऑगस्टला ते गेले. हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण सेवा करणाऱ्यांनीही लिहिलं, ते आपण विसरतो. सून प्रतिमादेवींनी ‘निर्वाण’ लिहिलं, निर्मलकुमारी महलानोबिस यांनी ‘बाइशे श्रावण’. उशाशी बसलेल्यांनाही सांगण्यासारखं खूप होतं.

लिहिल्याने नेमकं काय होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली सँड्रा बील यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख लिहायचं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे जाणं कमी झालं. नंतर कर्करोगाच्या रुग्णांवरही असे प्रयोग झाले. पण २०१५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अशा सोळा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांना आधाराचं माणूस कमी, त्यांना कदाचित उपयोग होत असावा, एवढाच धागा हाती लागला. म्हणजे वही हे औषध नव्हे. गाठ लिहून विरघळत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांबच राहावं.

तरी मी वहीच्या बाजूने आहे, ती त्या धाग्यामुळेच. परगावी, परक्या भाषेत, एका खोलीत अडकलेल्या जोडीदाराइतकं एकटं कोण असतं? त्याला सगळे ‘खंबीर राहा’ एवढंच सांगतात. खंबीर नसण्याची सोय फक्त कागदावर असते. ‘मला या सगळ्याचा कंटाळा आलाय’ हे वाक्य नवऱ्याला ऐकवता येत नाही, पण लिहिता येतं. आणि ते लिहिणारी बायको वाईट ठरत नाही.

पथ्यं मात्र पाळावीत. दोघांच्या वह्या वेगळ्या हव्यात, आणि मागितल्याशिवाय एकमेकांच्या वाचू नयेत. शुद्धलेखनाची चिंता नको. लिहून जीव जास्तच घाबरा होत असेल तर थांबावं आणि समुपदेशकाला गाठावं. लिहिता येत नसेल त्याने सांगावं, दुसऱ्याने उतरवून घ्यावं. रवींद्रनाथांनीही तेच केलं.

रुग्णालयांकडे मागणी एवढीच: पहिल्या केमोच्या दिवशी पथ्याचा कागद देता, त्यासोबत दोन कोऱ्या वह्या द्या. एक पेशंटला आणि दुसरी, न विसरता, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला.