अपस्मारघ्न द्रव्यांची परीक्षा : मेंदूपेशींची साक्ष कितपत ग्राह्य?

अपस्मारावरील कल्पांच्या माहितीपत्रकांत मेंदूच्या छेदांची रंगीत छायाचित्रे व ‘मज्जापेशींचे संरक्षण सिद्ध’ अशी वाक्ये दिसली की पुष्कळ वैद्यबंधू समाधान पावतात. आयुर्वेदीय द्रव्यांची प्रयोगशाळेत परीक्षा व्हावी, या मताचे आम्हीही आहोत. तथापि या साक्षीचा अर्थ नेमका किती, हे औषध लिहिणाऱ्याने व विकणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे.

प्राण्यास विद्युत्धक्का देऊन अथवा पेंटिलीनटेट्राझोल टोचून झटका आणावयाचा आणि औषधाने तो थांबतो का, हे पाहावयाचे, ही जुनी रीत होय. मेरिट व पुटनम यांनी मांजरांवरील अशाच प्रयोगांतून फेनिटॉइनचा गुण ओळखला व १९३८ साली ते रुग्णचिकित्सेत आले. पेशीदर्शके याच्या पुढे जाऊन मेंदूच्या आत काय घडले ते दाखवितात. सी-फॉस हे प्रथिन अतिउत्तेजित मज्जापेशींच्या केंद्रकात एकदोन तासांत प्रकट होते. न्यूएन हे प्रौढ मज्जापेशींची ओळख पटविते; त्यांची संख्या घटल्यास पेशीनाशाची शंका येते. जीएफएपी हे आधारपेशींतील प्रथिन इजेनंतर काही दिवसांत वाढते. म्हणजेच दोन तासांनी काढलेला मेंदू उत्तेजनाविषयी बोलेल, पेशीरक्षणाविषयी नव्हे.

सी-फॉस कमी दिसले, एवढ्यावरून औषध अपस्मारघ्न ठरत नाही. प्राणी केवळ गुंगीत असेल, अथवा त्यास झटका नीट आलाच नसेल. यासाठी मेंदूच्या विद्युत्लहरींचा आलेख हवा, प्रस्थापित औषध दिलेला तुलनागट हवा, आणि पेशी मोजणाऱ्यास कोणता छेद कोणत्या गटाचा हे ठाऊक नसावे.

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. लेव्हेटिरासिटॅम हे औषध वरील दोन्ही जुन्या चाचण्यांत जवळजवळ निष्प्रभ ठरले. मेंदूस वारंवार सौम्य उत्तेजन देऊन अपस्मारप्रवण केलेल्या प्राण्यांत मात्र त्याचा गुण दिसला. आज ते जगभर वापरले जाते. तेव्हा एका चाचणीत ब्राह्मी वा वचा अपयशी ठरली म्हणून ती निरुपयोगी, असे म्हणणेही उतावीळपणाचे होय.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहाव्या अध्यायात अपस्मारासाठी पंचगव्य घृत सांगितले आहे. प्रयोगशाळेत मात्र बहुधा एकाच वनस्पतीचा मद्यार्कातील अर्क तपासला जातो. अर्काचे यश घृताच्या बाटलीवर चिकटविणे हे शास्त्रालाही धरून नाही व परंपरेलाही.

पेशी मोजून न कळणारी एक गोष्ट तर रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीचा कल्प सुरू केल्यावर पुन्हा उसळले, अशी नोंद मुंबईच्या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. उंदरांवरील प्रयोगांत त्या कल्पामुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटल्याचे त्यांना आढळले. आपल्याकडे येणारे पुष्कळसे अपस्माररुग्ण आधीपासून आधुनिक औषधे घेत असतात. त्यांच्यासाठी रक्तातील पातळीची ही परीक्षा छेदांच्या छायाचित्रांहून अधिक मोलाची आहे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती अशी की, जो कल्प विकावयाचा तोच, प्रमाणित घाण्यातील, चाचणीस द्यावा. आणि प्रचलित औषधांशी होणारी त्याची आंतरक्रियाही तपासून घ्यावी. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत अपस्मार समाविष्ट असून त्यावरील उपचाराची जाहिरात लोकांत करण्यास मनाई आहे, हेही विसरू नये. वैद्यबंधूंनी रुग्णाची चालू औषधे विचारून नोंदवावीत व ती एकाएकी बंद करू नयेत. तसे केल्यास न थांबणाऱ्या झटक्यांचा धोका असतो.

उंदराच्या मेंदूची साक्ष आपण अवश्य ऐकावी. परंतु झटके किती कमी झाले, याचा अंतिम निवाडा रुग्णाच्या नोंदवहीतच व्हावयाचा आहे, आणि ती वही ठेवणे आपल्याच हाती आहे.