सुरू उपटू नका, उतरवा

डिसेंबरात ओरल्स संपवून सणसरला घरी गेलो, तर दुसऱ्याच दिवशी बांधावर माझी व्हायवा. अलीकडे वडील, पलीकडे नाना (माझे धाकटे चुलते), आणि मधे सुरूच्या झाडांची रांग, चांगली 30 फूट उंच. आजोबांनी वारा अडवायला लावलेली. तेव्हा रान एकच होतं. पुढं वाटण्या झाल्या. दक्षिणेचा तुकडा आमच्याकडं आला, उत्तरेचा नानांकडं गेला, आणि झाडं आमच्या बांधात राहिली.

"तुझ्या बापाला सांग, माझ्या सहा सऱ्या दरसाल खुरटतात. मुळासकट काढ म्हणावं."

"तुझ्या नानाला सांग, बापानं लावलेल्या झाडाला कुऱ्हाड लागायची नाय."

दोघांमध्ये पाच पावलांचं अंतर, आणि निरोप्या मी! तीन वर्षं असंच चाललंय.

मला शेतीतलं बेताचंच कळतं, पण त्रिकोणमिती येते. सणसरचे अक्षांश साधारण 18. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्याची उंची 90 वजा 18 वजा 23.5, म्हणजे 48.5 अंश. त्याचा टॅन 1.13. तीस फुटी झाडाची सावली आली साडेसव्वीस फूट, आणि तीही बरोबर उत्तरेला. चार फुटी सरी धरली तर सहा सऱ्या भरतात. नाना टेपही न लावता बरोबर बोलत होते! त्यात ते लावतात सुरू ऊस (नावाचा घोळ माफ करा, इथं सुरू म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची लागण). थंडीत उगवण आधीच रखडते, वर ऊनही मिळत नाही.

गंमत म्हणजे आषाढात, तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते तेव्हा, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दुपारची सावली जेमतेम तीन फूट, तीही आमच्याच रानात. म्हणजे भांडणसुद्धा हंगामी आहे.

मग वडील हट्टी ठरले का? तसंही नाही. पावसाळ्यात वारा येतो नैर्ऋत्येकडून. झाडांच्या रांगेचा आडोसा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला मिळतो. तीस फुटांचा तीनशे फूट, आणि तो मिळतो कुणाला? नानांनाच. त्यांचा ऊस आडवा होत नाही यात या झाडांचा वाटा आहे, हे त्यांनी कधी मोजलं नाही. आणि वडिलांनी कधी सांगितलं नाही, कारण ते फक्त "बापानं लावलंय" एवढंच सांगतात.

हे सगळं मेसमध्ये सांगितल्यावर माझा सिव्हिलचा रूममेट म्हणाला, "भिंत बांधा, विषय संपला." सिव्हिलवाल्यांना भिंतीपलीकडं काही दिसतच नाही! अरे, भिंतीवर आदळलेला वारा वरून उडी मारून मागं भोवरे करतो. झाडांची रांग थोडा वारा गाळून सोडते, म्हणून तिचा आडोसा लांबवर टिकतो. फ्लुइड्सला बसला होतास की नाही?

माझं मत असं, की रांग 15 फुटांवर आणावी. सावली तेरा फुटांवर येते, म्हणजे तीन सऱ्या मोकळ्या होतात. आडोसा दीडशे फूट उरतो. नानांचं थोडं नुकसान राहील, वडिलांना थोडं वाईट वाटेल. पण दोघांपैकी कुणाचंही पूर्ण ऐकलं तर नुकसान जास्त आहे.

मात्र एका दिवसात निम्मं उडवायचं नाही. आपल्या ऑफिससमोरच्या मोरपंखीचं काय झालं ते रोज बघतोच. कुणीतरी हिरवा भाग ओलांडून पार तपकिरी लाकडापर्यंत छाटली. मोरपंखी जुन्या लाकडातून परत फुटत नाही, त्यामुळं आता तिथं नुसता खराटा उभा आहे. सुरू दिसायला तशीच सूचिपर्णी, पण ती मुळात फुलझाडांतली. तरी खोडावरून जोमानं फुटण्याच्या बाबतीत तिचाही भरवसा नाही. म्हणून यंदा 22 फूट, पुढच्या वर्षी 15, आणि दर वेळी कापाच्या खाली हिरव्या फांद्या राखायच्या. काम ऑक्टोबरात करायचं. वाऱ्याचे दिवस सरलेले असतात आणि सावली लांबायची असते.

इंग्लंडात असली भांडणं इतकी झाली, की 2003 च्या एका कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भागच घातला. दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणानं शेजाऱ्याचा उजेड अडला तर स्थानिक कौन्सिलकडं तक्रार करता येते. पण कौन्सिल कुंपण काढून टाका असं सांगू शकत नाही, दोन मीटरच्या खाली आणा असंही नाही. फार तर उंची कमी करायला लावते. हे मी नानांना सांगितलं तर म्हणाले, "गोऱ्यांना बी भाऊ असतात व्हय?"

हिशेबाचा कागद वडिलांकडं ठेवून आलो. त्यांनी तो वाचून घडी घालून खिशात ठेवला, बोलले काहीच नाहीत. नाना मात्र परवा फोनवर विचारत होते, 22 फुटांवर पोचायला शिडी केवढी लागंल.