सारखा वेळ, सारखा न्याय?

परीक्षेत सर्वांना सारखाच वेळ मिळावा, हे वरवर न्याय्य वाटते. परंतु ज्याचा हात लिहिताना अडखळतो, त्याचे ज्ञान तेवढ्या वेळात कागदावर कसे उतरावे? म्हणूनच भारतात २०१८ च्या नियमांनी अशा अपंग परीक्षार्थींना दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक देऊ केली. तरीही २०२१ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या एका केंद्रावर लेखनदोष असलेल्या विद्यार्थिनीला तीन तासांवरचा हक्काचा एक तास नाकारण्यात आला. हा अन्यायच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. न्याय मिळाला, पण गेलेली घटका परत आली नाही. यास्तव असा वेळ परीक्षेच्या दालनातच मिळाला पाहिजे आणि सोबत्यांनीही त्याचा हेवा करू नये.