वॉर्डातल्या कागदावर मराठी कधी मागणार?

काळ्या दिनाला आपण रस्त्यावर येतो. बोर्डावर मराठी पाहिजे म्हणून केसेस अंगावर घेतो. घेतल्याच पाहिजेत. पण बाळंतिणीच्या वॉर्डातल्या कागदावर मराठी पाहिजे, म्हणून एकदा तरी मोर्चा काढलाय काय आपण?

माझ्या वैनीचं सिझर बेळगावात झालं. सहीचा कागद कन्नडमध्ये. दादानं न वाचताच सही केली. वैनीला वॉर्डात आणल्यावर सिस्टर आईला कन्नडमध्ये काहीतरी सांगून गेली, आई नुसतं ‘हूं हूं’ करत राहिली. मला कन्नड येतं, पण गड्यांना आत सोडत नव्हते, मी जिन्याखाली. सिस्टर सांगत होती, पॅड बघत राहा, लवकर भिजलं तर हाक मारा. हे आईला दीड तासानं कळलं, शेजारच्या खाटेवरल्या कन्नड बाईनं हातवारे करून दाखवलं तेव्हा. तोवर चादर भिजली होती.

आणि आईनं रक्त बघितलं नव्हतं असं नाही. ‘ओली बाळंतीण हाय, घाण रक्त गेलेलं बरं’ म्हणून ती गप्प होती. हा दोष कर्नाटक सरकारचा नव्हे, आपल्या घरातला.

सिझरला रक्त जातंच, पण लिटरभर गेलं की तो धोका. बहुतेक वेळा कारण असतं पिशवी आवळून न येणं. मग पिशवी चोळतात, ऑक्सिटोसिन देतात, पिशवीला टाके घालतात, रक्त चढवतात. काहीच चाललं नाही तर पिशवी काढतात. ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटतात, हे 2017 साली वीस हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसलं. तीन तासांनंतर त्याचा उपयोग नाही. त्यातला दीड तास आमचा भाषेत गेला. वैनी वाचली, चार बाटल्या रक्त लागलं.

आता हे वाचा. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास छापून आला. 1620 बायका, घरची आणि उपकेंद्रातली बाळंतपणं. नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, अंगाखाली मापाची पिशवी लावून रक्त मोजलं. जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला. रक्त अंदाजानं नको, मोजून बघा, हे जगाला सांगणाऱ्यांत बेळगाव पुढं होतं. रक्त मोजायला आमच्या जिल्ह्यातल्या बायका चालल्या, मग धोका सांगायला त्यांची भाषा का चालत नाही?

15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद द्या, हे आपण प्रत्येक निवेदनात लिहितो. त्यात दवाखाना घाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची रुग्णहक्क सनदही रुग्णाला कळेल त्या भाषेत माहिती द्या म्हणते. सहीचा कागद मराठीत पाहिजे. खाटेपाशी एक पान पाहिजे: तासाच्या आत पॅड चिंब झालं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, अंग गार पडून घाम फुटला, तर लगेच हाक मारा. कन्नड काढा असं कोण म्हणतंय? हातवारे करणारी ती बाई कन्नडच होती.

अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलाय. कंग्राळी बुद्रुक, खुर्द दोन्हीकडच्या पोरांनी मेसेज करा. बायकांच्या सह्या आधी घेणार.